चार ग्रॅम

घणसोली,
रविवार, ८ जून २०२५

प्रिय गंगाराम,

सप्रेम जयभीम.

सहा वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, म्हणून कागद घेतला. फोन वाजू देता येतो. पाकीट मात्र पोस्टमन हातात देतो. निदान तेवढा वेळ तरी ते धरावं लागतं.

तुझी संघप्रिया सोमवारपासून आमच्या वर्कशॉपला लागली. तुला माहीतच असणार. मला मात्र दिलीपशेठनी तिला समोर उभी केली तेव्हा कळलं. म्हणाले, "गंगारामची मुलगी. मेकॅनिकल केलंय. बॅलन्सिंगला तुझ्या हाताखाली घे." तिने हात जोडले आणि "जयभीम काका" म्हणाली. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती शाळेच्या गणवेशात होती.

पहिल्याच दिवशी तिला ब्लोअरचं मोठं चाक दिलं. मशीन न लावता, आपण करायचो तसं. चाक आसासकट दोन सपाट पट्ट्यांवर ठेवायचं आणि सोडायचं, म्हणजे जड बाजू फिरून खाली येते आणि वजन समोरच्या हलक्या बाजूला लावायचं. पोरीने चाक सोडलं, कडेला नुसतं बोट टेकवलं आणि ते थांबायच्या आधीच वजन लावायच्या जागेवर खडूने रेघ मारली. मी चाक मशीनवर चढवून बघितलं. रेघ बरोबर होती. हे तिला तू शिकवलं नसणार. मुंबई सोडल्यापासून तू चाकाला हात लावला नाहीस, हे गावाकडून येणारे सांगतात.

मला आनंद झाला.

एवढं लिहून मी पाणी प्यायला उठलो. परत येऊन वाचलं. वाक्य खोटं आहे, पण खोडत नाही, खोडलेलं दिसतं. आनंद झाला नाही. जुनंच काहीतरी पुन्हा वर आलं, तुझ्याबाबतीत चौथीपासून येतंय ते.

गुरुजींनी फळ्यावर 'बरोबरी करणे' लिहून अर्थ आणि वाक्यात उपयोग विचारला होता, आठवतं? तू लिहिलंस, 'लावणीआधी फळी फिरवून शेताची बरोबरी करतात.' गुरुजी म्हणाले, असा उपयोग पुस्तकात नाही. तरी त्यांनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. मी लिहिलं होतं, 'अंकुश गंगारामची बरोबरी करतो.' त्यांनी लाल शाईने 'करतो' खोडलं आणि वर 'करू पाहतो' लिहिलं. वर्ग हसला, तूही हसलास. मधल्या सुट्टीत तू तुझ्या खिशातल्या भाजलेल्या काजूंतले अर्धे मला दिलेस. मला हसण्यापेक्षा त्या काजूंचा राग जास्त आला. खाल्ले मात्र सगळे.

दोन दिवसांच्या अंतराने जन्मलेले आपण सख्खे चुलतभाऊ. एकाच अंगणात रांगलो. मी कसा आहे हे मला कोणी कधी सांगितलंच नाही. तुझ्यापेक्षा कसा आहे, तेवढंच सांगितलं.

संघप्रियेने त्या मसाल्याच्या कारखान्याच्या चाकाबद्दल विचारलं. मी सगळ्यांना माहीत आहे तेच सांगितलं. तू बॅलन्स केलेलं चाक तिथे थरथरायला लागलं, बेअरिंग फुटलं, चाक परत आलं. जॉब कार्डवर तुझ्या अक्षरात होतं, बेचाळीस ग्रॅम वजन लावलं. चाकावर त्या जागी काहीच नव्हतं. शेठनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा तू म्हणालास, "लावल्याचं आठवतंय मला." मग चाकाकडे बघितलंस आणि म्हणालास, "पण नाय ना ते. माजंच चुकलं असंल." दुसऱ्या दिवसापासून तू आला नाहीस, आणि तुझ्या जागी इन्चार्ज मला केलं.

ती सगळं ऐकून म्हणाली, "एवढंच?"

मी म्हणालो, एवढंच.

वहिनींना जयभीम सांग.

तुझा,
अंकुश


घणसोली,
आषाढ पौर्णिमा, १० जुलै २०२५

प्रिय गंगाराम,

सप्रेम जयभीम.

आज वर्षावास सुरू झाला. विहारात भन्तेजी मुदितेवर बोलले. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून आपलं मन प्रसन्न होणं म्हणजे मुदिता. ते म्हणाले, मैत्री जमते, करुणा तर सहज जमते, कारण समोरचा दुःखात असतो. समोरचा सुखात असताना मन मोठं ठेवणं सगळ्यात अवघड. मी मान खाली घालून बसलो होतो. शेजारच्याला वाटलं असेल, ध्यान लागलंय.

मी रोज पहाटे वंदना घेतो, तुला माहीत आहे. तुझ्यापेक्षा एका गोष्टीत मी पुढे होतो, ती ही. तू विहारात उशिरा यायचास आणि मागे बसायचास. सहा वर्षं झाली, चौथ्या शीलापाशी माझी जीभ जड होते. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, एवढंच तर म्हणायचं असतं.

गेल्या रविवारी संघप्रिया जेवायला आली होती. सुचित्राने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट केली होती. आमचा रोहन तिच्याशी इतका मोकळा बोलत होता, जितका माझ्याशी वर्षभरात बोलला नसेल. त्याने डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. आता एपीएमसीत एका फळांच्या गाळ्यावर लिहायला बसतो. पोरगा वाईट नाही. पण ती दोघं शेजारी बसलेली बघून मी मनातल्या मनात पट्ट्यांवर चाक ठेवल्यासारखं केलं, आणि कुठली बाजू खाली गेली ते सांगायला नको. ती गेल्यावर सुचित्रा म्हणाली, "लेक असावी तर अशी." मी म्हणालो, सुकटीत मीठ जास्त झालंय. ती म्हणाली, "तीन भाकऱ्या खाल्ल्यावर कळलं होय?"

आता मुद्द्यावर येतो.

मंगळवारी संघप्रियेने जुन्या फायलींतून ते जॉब कार्ड शोधून काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मग तिने तुझ्याबद्दल सांगितलं. तू दाराची कडी लावतोस, ओट्यापर्यंत जातोस, परत येऊन कडी बघतोस. असं चार-चार वेळा. विहिरीवरचा पंप बंद पडला तर तालुक्याहून माणूस बोलावतोस. पूर्वी तो तू डोळे मिटून उघडला असतास. ती म्हणाली, "बाबांना मी विचारलं, पंप तुम्हीच का नाही बघत. ते म्हणाले, 'हातानं केलं का नुसतं मनात केलं, याचा भरवसा राह्यला नाय मला.' काका, एका चाकाने माणसाचं एवढं होतं?"

मी तुला बावीस वर्षं काम करताना पाहिलंय. मला वाटत होतं, तू अपमान झाला म्हणून गेलास. गावात शेती आहे, घर आहे, सुखात असशील. खरं सांगायचं तर तू तिथे सुखात असशील या विचारानेही मला त्रास व्हायचा.

गंगाराम, वजन तू लावलं होतंस. तुझी आठवण बरोबर आहे.

तू त्या दिवशी वजन टाचेवर धरलं होतंस. म्हणजे वेल्डिंगचे दोन ठिपके मारून नुसतं अडकवलं होतंस, पक्कं करायचं होतं. तेवढ्यात शेठनी तुला केबिनमध्ये बोलावलं. मी चाक उचलायला साखळी लावली, हुक वजनाला लागला आणि ते खाली पडलं. मी उचललं. तुला सांगणार होतो. तू केबिनमधून हसत बाहेर आलास, आणि मी सांगितलं नाही. तुकडा खिशात टाकला.

तो अजून माझ्याकडे आहे. वंदनेचं पुस्तक ज्या खणात ठेवतो त्याच खणात, रुमालात गुंडाळून.

हे लिहिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. अजून तरी वाटत नाही.

अंकुश


घणसोली,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

गंगाराम,

गेल्या पत्रातही मी खोटं लिहिलं होतं.

स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला गावी जाऊन संघप्रिया रविवारी परत आली. सोमवारी सकाळी ती थेट माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, तू शिव्या घातल्या असशील, त्या ती पोचवायला आली. मी त्यांची तयारी ठेवली होती. ती म्हणाली, तू पत्र दोनदा वाचलंस, घडी केलीस आणि म्हणालास, "मग टाच कच्ची राह्यली माजी. मला तर पक्कं वेल्डिंग केल्यासारकं आठवत व्हतं. ते बी खोटंच निगालं."

मी तुला तुझी आठवण परत करायला निघालो होतो, आणि उरली होती ती पण काढून घेतली.

संघप्रिया म्हणाली, "काका, तो तुकडा बघायचाय मला." मी तो त्या दिवशी बरोबरच आणला होता. माझ्या प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून. आता लिहितानाही लाज वाटते.

तिने रुमाल सोडला. तुकड्यावर तुझ्या पंचाचा एक ठिपका होता. प्रत्येकाने आपल्या वजनावर खूण मारायची, ही पद्धत तूच पाडलीस. तुझा एक ठिपका, माझे दोन. ती बराच वेळ त्या ठिपक्यावर अंगठा फिरवत राहिली. मग तिने तुकडा काट्यावर ठेवला.

अडतीस.

तिने तो उचलला, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवला. अडतीस.

"कार्डावर बेचाळीस आहे," ती म्हणाली.

मी म्हणालो, काटा जुना झालाय. तिने शंभर ग्रॅमचं वजन ठेवून दाखवलं. काटा शंभर म्हणाला.

"काका, चार ग्रॅम कुठे गेले?"

गंगाराम, मी अठ्ठावीस वर्षं वजनांचं काम करतोय. पाव ग्रॅमसाठी माणसांना रागावलोय. तो तुकडा सहा वर्षं माझ्या खणात होता, आणि तो मी एकदाही काट्यावर ठेवला नव्हता.

तिने तुकडा उजेडात धरून उलटा केला. कडेने वेल्डिंगची सलग माळ होती. खालच्या अंगाला बारीक, एकाच दिशेच्या रेघा. स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, "ही टाच नाहीच. पूर्ण वेल्ड आहे. आणि या ग्राइंडरच्या रेघा आहेत." मग ती उठली, नळावर गेली आणि खूप वेळ हात धूत राहिली.

तर आता जसं घडलं तसं लिहितो.

वजन तू पक्कं लावलं होतंस. तुझं काम संपलं होतं. शेठनी तुला केबिनमध्ये बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं. मी ऐकलं, तुला इन्चार्ज करायचं ठरलं होतं. तू काय म्हणालास तेही ऐकलं. तू म्हणालास, "शेट, अंकुशला बी काय तरी करा. दोघं एकदमच लागलोय." पुन्हा ते अर्धे काजू, गंगाराम.

जेवणाची सुट्टी होती. शॉपमध्ये कोणी नव्हतं. मी ग्राइंडर घेतला आणि तुझं वजन मुळापासून कापलं. उरलेली माळ घासून जागा साफ केली. वरून रेड ऑक्साईड रंगाचा ब्रश फिरवला. पाच मिनिटंही लागली नाहीत. ते चार ग्रॅम ठिणग्या होऊन उडाले आणि केरात गेले.

मला वाटलं होतं, चाक शेवटच्या तपासणीत पकडलं जाईल, तुला शेठची बोलणी बसतील, तेवढंच. पण त्या दिवशी तपासणी माझ्याकडे होती, आणि मी चाक न चढवताच सही केली. म्हणजे 'तेवढंच' हे पण खरं नाही. मी मनाला समजावण्यासाठी सांगत होतो. चाक बाहेर गेलं तर काय होईल, हे मला चांगलं माहीत होतं. तिथे कोणाला इजा झाली नाही, यात माझा काही वाटा नाही.

चाक दोन तऱ्हांनी सारखं करता येतं. हलक्या बाजूला भर घालायची, नाहीतर जड बाजू घासायची. तू कधी घासायचा नाहीस. म्हणायचास, घासलं की चाकाचं पातं कमजोर होतं. गुरुजींनी माझं वाक्य दुरुस्त केलं तेव्हापासून मला तुझ्या बरोबरीला यायचं होतं. भर घालायला माझ्याकडे काही नव्हतं असंही नाही. तुझ्यासारखं बोट नव्हतं, पण मशीन मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. ते मी कधी मोजलंच नाही. मी तुलाच घासत बसलो.

मंगळवारी चहाच्या वेळेला सगळे जमले असताना मी हे उभं राहून सांगितलं. शेठनी एकच विचारलं, "सहा वर्षं तू माझ्यासमोर बसून चहा पीत होतास?" मी हो म्हणालो. त्यांनी इन्चार्जपद काढून घेतलं. सध्या मला रंगकामाला लावलंय. रोज रेड ऑक्साईड. त्यांनी मुद्दाम केलं की काय, माहीत नाही. घरी सुचित्राला सांगितलं. तिने ताट वाढलं, पण समोर बसली नाही. रोहन म्हणाला, "पप्पा, तुम्ही मला तीन वर्षं दुसऱ्यांची उदाहरणं देताय." मग चपला घालून बाहेर गेला. पुढचं मला कळलं.

संघप्रिया माझ्याशी कामापुरतं बोलते. अजून काका म्हणते.

तुकडा या पत्रासोबत रजिस्टर पोस्टाने पाठवतोय. कडेची माळ बघ, कुठेही तुटलेली नाही. ठिपका तुझा आहे. तुझा हात चुकला नव्हता आणि तुझं डोकंही फिरलं नव्हतं. तुला जे आठवत होतं ते सगळं तसंच घडलं होतं. दाराची कडी तू पहिल्यांदा लावतोस तेव्हाच लागलेली असते.

मी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि मग तेही मला सहन होणार नाही.

अंकुश


घणसोली,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

गंगाराम,

जयभीम.

तुझं पार्सल वर्कशॉपच्या पत्त्यावर आलं. पाकिटावर माझं नाव तुझ्या अक्षरात होतं, म्हणून बराच वेळ फोडलं नाही. आत काड्यापेटी, तिच्यात कापूस, आणि कापसात लोखंडाचा एवढासा तुकडा. त्यावर एक ठिपका. चिठ्ठी नव्हती. मी काड्यापेटी उलटी करून पाहिली, कापूसही पिंजून पाहिला.

मी तो संघप्रियेकडे नेला. तिने काट्यावर ठेवला.

चार.

काटा खाली-वर झाला नाही. सरळ चारवर जाऊन थांबला. तिने तिथूनच वहिनींना फोन लावला. वहिनी म्हणाल्या, तू दोन दिवस पडवीत कानस घेऊन बसला होतास. घासायचं, तळहातावर घ्यायचं, पुन्हा घासायचं. घरात मिरच्या तोलायचा जुना काटा आहे, त्याला कसले ग्रॅम कळणार. तू तोही मागितला नाहीस. तिसऱ्या दिवशी पंच मारलास, काड्यापेटीत ठेवलास आणि पोस्टात टाकून आलास. परत येऊन पेटी नीट बंद केली होती का, असं एकदाही विचारलं नाहीस.

शेठनी तुला परत कामावर बोलवायला फोन केला होता. तू येत नाही म्हणालास, आणि मंडणगडच्या नाक्यावर पंप-पंख्यांच्या दुरुस्तीचं दुकान टाकतोयस, हे मला इथे कळलं. बरं केलंस.

तो चार ग्रॅमचा तुकडा तू का पाठवलास, ते मी विचारणार नाही. माफ केलंस की हात अजून शाबूत आहे हे दाखवलंस, मला दोन्ही चालेल. तो मी खणात ठेवलेला नाही. घरात बुद्धाच्या मूर्तीसमोर उघडाच ठेवलाय. सुचित्रा रोज पुसते. परवा ती समोर जेवायला बसली.

भन्तेजींना मी विचारलं होतं की मुदिता एवढ्या उशिरा शिकता येते का. ते म्हणाले, आधी खरं बोलायला शिका. म्हणून एक शेवटचं लिहितो.

काटा चारवर थांबला तेव्हा मला हेवा वाटला. सहा वर्षं लोखंडाला हात न लावलेला माणूस पडवीत बसतो आणि तळहातावर तोलून बरोबर चार ग्रॅम काढतो. मला हे या जन्मात जमणार नाही. या वेळी ते मी पोटात ठेवलं नाही. काट्यासमोर उभा राहून संघप्रियेला मोठ्याने सांगितलं, "मला तुझ्या बापाचा हेवा वाटतो."

ती तुकड्याकडेच बघत होती. म्हणाली, "मला पण वाटतो, काका."

अंकुश